एक घर

पुस्तक अमरावतीच्या रद्दीतून आलं, वजनावर,
दोन दिवाळी अंक आणि शिवणकामाच्या वहीच्या मधोमध.
त्रेसष्ट ते सत्तर पानं नाहीत.
नाव कारो-कान. मला आधी गावच वाटलं,
पिनकोड नसलेलं.

सावरटेकच्या शाखा डाकघरात
दुपारी टपाल कमी, ऊन जास्त.
वजनकाट्याशेजारी पट मांडते.
काळा एक उंट हरवलाय, त्याच्या जागी लाखेचा खडा,
मे महिन्यात बोटाला चिकटतो.
पुस्तकातला पांढरा म्हणतो ई-चार.
मी सी-सहा.
एवढंसं प्यादं, एवढंसं पुढं,
दार किलकिलं करून कोण आलंय बघावं, तसं.

आदर्श डाव बावीस.
प्रत्येकाच्या वर दोन नावं, एक शहर, एक साल,
पाकिटावर असावं तसं.
दोघंही केव्हाच गेलेले. तरी चौथ्या डावात
एक जण अकराव्या चालीला चुकतो,
दर दुपारी चुकतो,
आणि मी दर दुपारी त्याला मनात म्हणते, थांब.
समासात कुणाची तरी पेन्सिल, अक्षर तिरकं.
बासष्टाव्या पानाच्या तळाशी शेवटचं:
उंटाला खिडकी ठेवा.
कशी, ते फाटलेल्यात गेलं.

हिवराज उईके सायकलवरून थैली आणतात.
पट पाहून म्हणाले, "मले येते हे."
बसले. राजापुढचं प्यादं उचललं
आणि एकच घर सरकवलं.
"पहिल्यांदा दोन जातं," मी म्हटलं.
"कोनाच्या घरचा कायदा?"
"पुस्तकात..."
"पुस्तक तुयं, प्यादं मायं, बाई."
त्यांचा राजाही एकदा घोड्यासारखा उडतो.
बापानं शिकवलं. बापाला लाकूड डेपोत कुणी तरी.

बावीसच्या बावीस डाव माझे
पहिल्याच चालीत परदेशी झाले.
थोडी रुसले. मग सी-सहा सरकवलं.
ते हसले, "आता कशी आमच्यातली खेळली!"

तेव्हापासून रोज एक चाल,
थैलीला मोहोर लावता लावता.
पट हलवायचा नाही, म्हणून
पुस्तकातले डाव आता डोळे मिटून.
तिथं दोन चालींत येतं ते मैदान
इथं यायला चार दिवस, मधे एक रविवार,
आणि उईकेंच्या पुतणीची हळद.
घोडे निघाले. लाखेचा उंट बाहेर पडला,
हाकलला गेला, एक घर मागं येऊन बसला.
मग त्यांचं कडेचं प्यादं:
मंगळवारी एक घर, बुधवारी एक.
दोन दिवस ते येताना मला दिसत होतं
आणि तरी दचकले.

हात पुस्तकाकडं गेला. हे नेमकं चौसष्टावर असणार.
"काहून थांबली?"
फाट्यावर एसटी गिअर बदलत होती.
थैली अजून उघडीच.
एच-सहा.
एकच घर. त्यांच्या कायद्यात बसतं, पुस्तकाच्याही.
"हे काहून?"
"उंटाला खिडकी."
त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली,
बराच वेळ त्या रिकाम्या घराकडं पाहिलं.
"उद्या सांगतो."
"उद्या बुद्धपौर्णिमा. सुट्टी."
"मंग परवा."

शटर ओढण्याआधी एकदा बघितलं.
लाख मऊ होऊन
उंट आपल्या घराला चिकटलाय.
सोडवला नाही.