नववा गोळा

नंदगडच्या शाळेची भिंत, बारा फूट बाय सहा.
सूर्य पिवळ्या ऑइलपेंटात, पुढं नऊ गोळे.
शेवटचा निळसर, लिंबाएवढा, मीच काढलेला.

मग हलगेकर सर आले, हातात कात्रण.
"यल्लाप्पा, शेवटचा पुसायचा. प्रागला मतदान झालं."

गोल आहे की ओ, म्हटलं. फिरतोय सूर्याभोवतीच की.
"फिरतोय. पण आपली वाट मोकळी केली नाही त्यानं,
आजूबाजूला त्याच्यासारखे पुष्कळ.
बटुग्रह म्हणायचं आता."
आणि तारा?
"तो स्वतःच्या पोटातलं जाळतो.
तेवढं केलं की झाला तारा."

मी पाट्या रंगवणारा माणूस.
या रस्त्यावरची एकेक पाटी चारदा खरवडलीय,
अक्षरं बदलली,
किलोमीटर तेवढेच.

सर म्हणाले, डिस्टेंपर आण.
मी चुना लावला.
कुणाला, ते विचारू नका.

ऑइलपेंटवर चुना टिकत नाही,
आमच्या धंद्यातलं पोरगंसुद्धा सांगेल.

परवा तिकडनं सायकल काढली.
पपडी सुटलेली, खालनं निळं दिसत होतं.
एक मुलगी बोट ठेवून मोजत होती
आठापर्यंत,
मग नख लावून
थोडं आणखी खरवडलं तिनं.