सगळ्यात मागे

गोरेवाड्याच्या फाटकाशी सकाळी साडेसहाला
पोहे कागदात, तर्री स्टीलच्या डब्यात वेगळी.
गजभिये सरांनी माणसं मोजली : एकोणीस.
शिट्टी माझ्या गळ्यात घातली.
म्हणाले, निर्मोहीताई, तुम्ही सगळ्यात मागे.
तुमच्यामागे कुणी नको.

मागून माणसं टाचांवरून ओळखू येतात.
धोट्यांचा डावा बूट बाहेरून झिजलेला,
कॉलेजातल्या दोघी उगाच धूळ उडवत,
आणि उमाठेकाका,
दर शंभर पावलांवर थांबणारे.

"नवरंग बोलला. ऐकलं का जी?"

साग पानं गाळत होता.
नवरंग यायला अजून मृग लागायचा होता.

पुढे तेंदूपाशी पुन्हा दुर्बीण डोळ्यांना;
भिंगावरचं झाकण काढलंच नव्हतं.
शर्टाचा खिसा वर-खाली, वर-खाली,
आतल्या गोळ्यांचं पाकीट कुरकुरत होतं.

मी म्हटलं, हो, बोलला.
आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली,
दोनदा.

कुणी रेंगाळलं की शिट्टी फुंकायची असते.
मी ती ओढणीखाली सरकवली.

तलावाकाठी सरांनी पुन्हा मोजलं.
सतरा.
मग झुडपांतून आम्ही.
"कुठे होता बाप्पा तुम्ही?"
"नवरंग," काका म्हणाले, खाली बसत,
संत्र्याच्या सालीत नख रुतवत.

पोरींनी लगेच वही काढली.
नवरंग, एक. वेळ, जागा.
सरांनी वहीकडे बघितलं,
वरच्या कोपऱ्यातल्या फेब्रुवारीकडे बघितलं,
काकांच्या ओठांकडे.
काही खोडलं नाही.

ऐकणाऱ्यांच्या रकान्यात माझंही नाव आहे.