एक्स्टेन्शन बावीस

ओलेसुंदच्या धक्क्यावर आमची इमारत तीन मजली.
खाली मासा, मध्ये हिशेब, वर आम्ही संगणकवाले,
ज्यांच्या हातांना कसलाच वास येत नाही
म्हणून खालची माणसं हात मिळवताना गालात हसायची.

"तयार" हा शब्द आमच्याकडे पाच संगणकांत होता.
सुकवणीघरात तयार म्हणजे
कॉडच्या पाठीवर दाबलेला अंगठा रुतत नाही तो.
विक्रीला तयार म्हणजे गिऱ्हाइकाला कबूल करून बसलेला.
रांगनहिल्डच्या टेबलावर तयार म्हणजे बिल निघालेला,
मासा ओला का असेना.
जहाजवाल्यांना कंटेनरचं कुलूप दिसलं की पुरे.
पाचव्या संगणकात काय अर्थ होता
ते तो लिहिणारा वारला तेव्हाच गेलं.
पण तो बंद केला की पगार होत नसे.

एकाची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची पाचव्याला,
फाटलं तिथे टाका, टाक्यावर आणखी टाका.
जाळं विणतात तसं नव्हे;
जाळ्यात निदान भोकं सारखी असतात.

ऑस्लोहून सल्लागार आला, फळाभर चौकोन काढले,
चौकोनांखाली लिहिलं: सेवा, सेवा, सेवा.
मालकीणबाई गुनवोर सेत्रे शेवटपर्यंत ऐकत राहिल्या,
मग म्हणाल्या, "यातल्या एका चौकोनात मासा किती किलो?"
तो दुपारच्या विमानाने परत गेला.

मी खाली उतरले. काचेच्या खोपट्यात
ओडवारशेजारी तीन दिवस बसले, पायात उसने गमबूट.
फोन सारखा वाजायचा. बावीस नंबर.
वरून, मधून, धक्क्यावरून, एकदा चक्क बँकेतून:
"अमुक लॉट झाला का?"
ओडवार सांगायचा, "झाला." किंवा, "मंगळवारी."
कसं कळलं, हे कुणी विचारत नव्हतं
आणि तोही सांगत नव्हता.
पहिल्या दिवशी एकेचाळीस फोन मोजले
आणि मला घाम फुटला, त्या थंडीत.
सल्लागार जे फळ्यावर काढून गेला
ते इथे लोकरीची टोपी घालून बसलं होतं,
एकोणतीस वर्षं.

मग लिहायला घेतलं. दीड पान.
विचारणाऱ्याने द्यायचा लॉटचा नंबर,
मिळणार एक तारीख. आत काय चालतं ते आतल्यांचं.
"तयार"चा अर्थ ठरवायला पाच महिने गेले,
दोन भांडणं, एक राजीनामा (मागे घेतलेला).
शेवटी रांगनहिल्डची आणि सुकवणीघराची सही
एकाच कागदावर पडली.
गुनवोरबाईंनी तो कागद चष्मा न लावता वाचला.
जुन्या तारा आम्ही एकेक करून उपटल्या.
ओडवार जूनमध्ये निवृत्त झाला, केक कापला,
फोन गप्प झाला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

फेब्रुवारीत सान्तुसहून फोटो आले:
पांढऱ्या माशावर गुलाबी डाग,
अख्खा कंटेनर.
आमच्या सेवेने "तयार" म्हटलं होतं. खोटं नव्हतं बोलली.
पोर्तूसाठी तो तयारच होता.
ब्राझीलच्या उन्हाला आणखी नऊ दिवस कोरडा हवा होता.

ओडवार अंगणात नाव उलटी घालून खरवडत होता.
सगळं ऐकलं, खरवडणं थांबवलं नाही.
"मी आधी विचारायचो ना,
कुणासाठी?"
"तीन दिवस बसले होते. मी तर एकदाही ऐकलं नाही."
"आवाजावरून कळायचं, गं.
पोर्तूवाली आयनार, ब्राझीलवाला श्येल.
एवढ्या वर्षांत तोंडाने कशाला विचारू?"

सोमवारी दीड पानात एक रकाना वाढला.
यावेळी भांडण झालं नाही.
आयनार म्हणाला, वाली नव्हे, वाला;
म्हातारा मला फोनवर बाई समजत होता वाटतं.
खालचा मजला आठवडाभर हसला.

बावीस नंबर कापायचा राहूनच गेलाय.
खोपट्यात आता रिकामे क्रेट ठेवतात.
मधूनच वाजतो. चुकून कुणी.
मी जिन्यात असले तर
थांबून मोजते, किती वेळा.