दोऱ्याचं माप

बाळकुम नाक्याच्या पुढं, मेट्रोच्या खांबाखाली
घिसाड्यांचं एक बिऱ्हाड आठ महिने असतं.
भाता नवरा ओढतो. घण हौशाबाई मारते.
मी गेलो तो खिशात पोलादी टेप घेऊन,
एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढलेला माणूस,
तागडीच्या काट्यातला केसभर कल
ज्यानं दंडाशिवाय सोडला नाही.

"अठरा इंची कोयता पाहिजे."
अठरा हा आकडा भाच्याचा, शार्दूलचा:
डिसेंबरात मुरबाडला ओढ्याकाठी तंबू ठोकायचे,
घाणेरी साफ करायची, शेकोटीला फाटी फोडायची,
मामा, त्याखाली घेऊ नका, खेळणं होईल.

हौशाबाईनं घण खाली ठेवला नाही.
"कापायचं काय?"
रोजचं म्हणाल तर परसातलं.
परस म्हणजे तळमजल्यामागची पट्टी,
सोसायटीची भिंत आणि ड्रेनेजची झाकणं यांच्यात अडकलेली:
एक माड, तीन केळी, अळू,
आणि कुणी न लावलेला एरंड.
"रुंद किती?"
हे मात्र मोजलेलं होतं. सहा फूट दोन इंच.

तिनं ढिगातून एक लांब पातं उपसलं,
ट्रकच्या पाट्याचं, अजून काळं.
"घुमवा."
घुमवलं. टोक खांबावर आदळलं,
झिणझिण्या पार खांद्यापर्यंत.
"खांब हाये म्हणून बरं," ती म्हणाली,
"माणूस असतं तर?"

मग आखूड दिलं, नारळ सोलायचं.
त्याला वाकावं लागत होतं; एरंडाच्या बुंध्याशी
बोटं आधी पोचली असती, धार नंतर.
"आखूड पातं कंबर मागतं, लांब पातं जागा मागतं.
तंबूकडं जागा लई. पण तितं दोन दिस.
हितं बाकीचं वरीस."

आणि तिनं माझा उजवा तळवा उलटा केला,
पारड्याखाली काही चिकटवलंय का बघावं तसा.
"ह्या हातानं कोयता धरलेला नाय कदी.
परसात राबतं कोण?"

मी नाक्यावरच्या गाड्यांकडे पाहत राहिलो.
कुंदा. केळीची वाळली पानं कुंदा काढते,
झावळ्या कुंदा तोडते,
विळीचं मोडकं पातं फडक्यात धरून, बावीस वर्षं.
मी खिडकीतून सांगतो, डावीकडची राहिली.

"मंग तिच्या हाताचं माप आणा."

घरी टेप काढला तर कुंदा म्हणाली,
तो नको, गार लागतो.
शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला.
कोपरापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत
मी तो तिच्या हातावर धरला.
मनगटाच्या आत भाजल्याचा एक जुना डाग होता.
माझ्या कुठल्याच नोंदीत नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी हौशाबाईनं दोऱ्याच्या गाठीवर
छिन्नी ठेवली, पातं तोडलं, ठोकून ठोकून पोट काढलं,
पाण्यात बुडवलं. वाफेतून ती काही बोलली,
वरून ट्रेलर गेला, ऐकू आलं नाही.
मूठ बाभळीची, तीही बारीक.
गोणपाटात गुंडाळून सुतळीचे तीन वेढे दिले,
हल्ली नुसतं कोयता म्हटलं तरी लोक बातमी समजतात.
रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं.
वॉचमननं वहीत लिहिलं: एक नग.

टेपकडे हात गेला. दोन-तीनदा गेला,
खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी शार्दूलचा फोन: किती इंची घेतला?
मागे परसात एरंड पडल्याचा आवाज झाला.
मामीला विचार, म्हटलं,
आणि तंबूत एक जागा वाढव.