पावणेदोन इंच

ताजोद्दीन मिस्त्रीनं शेजारच्या टेलरकडून टेप मागून आणला.
मागच्या चाकाच्या आसापासून
सीटखालच्या बोल्टापर्यंत धरला :
सव्वाअकरा.
मग ऑइलनं पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत बोट ठेवलं :
तेरा पाहिजे.
"पावणेदोन इंच कुठं गेले, साहेब?"

मी सांगू लागलो.
थोडे माहूरच्या घाटात.
थोडे उदगीरच्या पुढं, बीदरच्या वाटेवर,
जिथं टायर फुटला आणि आम्ही दोघं
कडब्याच्या गंजीला टेकून उजाडायची वाट पाहिली.
बाकीचे इथंच, जिंतूर ते परभणी.
त्या रस्त्यानं माणसांच्याही पाठीतून इंच काढलेत.

"स्प्रिंग मोडत नसती," तो म्हणाला, "कंटाळती.
रोज दाबतातच, तर उठायचं कामून?"

सात-आठ वर्षं रात्री मला दिसायचे
लिंबाचे शेंडे, विजेच्या तारा,
एकदा तर घुबड, अगदी डोळ्यांसकट,
आणि खड्डा मात्र चाकाखाली आल्यावर.
मी दोनदा हेडलाइट बदलला होता.
"पुढचं वर गेलेलं नाही," ताजोद्दीन म्हणाला,
"मागचं बसलंय."

नव्या स्प्रिंगा औरंगाबादेत मिळाल्या नाहीत.
हैदराबादहून पाठवतो म्हणणारा फोन उचलेना.
शेवटी नांदेडच्या भंगारात एक जोडी सापडली,
जाड तारेची, कुणीतरी फार न वापरलेली,
आणि घुगेनं लेथवर दोन कड्या कातून दिल्या
चहाच्या पैशात.
शिकंज्यात आवळताना स्प्रिंग अशी करकरली
की पोरगा अर्शद दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

खाली पाच खाचांचं कडं.
"एकटे का दोघं?"
दोघं, म्हणालो. कौसल्या गुडघा धरून बसल्याला
तेव्हा वर्ष झालं होतं.
त्यानं पाना लावला, चौथी खाच.
पुन्हा टेप. तेरा, एक सूत कमी.
"सूतभर राहू द्या," म्हणाला, "वयाचं."

आता साइड स्टँड आखूड पडला.
वरातीतल्या दारुड्यासारखी गाडी कलंडायला लागली.
ताजोद्दीननं शहाबादी फरशीचा तुकडा दिला,
तोच स्टँडखाली सरकवायचा.

अंगणात कौसल्या शेवग्याच्या शेंगा सोलत होती.
उठली, भोवती फिरली,
माझ्या खांद्यावर हात ठेवून पाय उचलून पाहिला.
पोचला नाही.
"होती तीच बरी होती," म्हणाली.
"माझ्या गुडघ्यापुरती आली होती बिचारी."
अगं, ही तिची मूळ उंची आहे.
"मग माझीपण आणून द्या मूळ."

मला काही बोलता आलं नाही.
स्टँडखालची फरशी पायानं ओढली,
गाडी सरळ धरून उभा राहिलो.
ती फरशीवर चढली,
देवाचं नाव न घेता शिवी देत बसली.

येलदरीकडं निघालो तेव्हा दिवस बुडाला होता.
उजेड रस्त्यावर पडत होता,
नुसता रस्त्यावर.
प्रत्येक खड्डा वीस पावलं आधी, कडांसकट,
आणि मागून तिचा आवाज :
डावीकडून. डावीकडून, म्हणते ना.

धरणापाशी ध्यानात आलं,
फरशी अंगणातच राहिली.
गाडी टेकवायला काही नाही.
कशीबशी उतरून ती लंगडत कठड्याकडं गेली.
मी हँडल धरून उभा आहे.
पाणी किती आहे
ते ती येऊन सांगेल.