डाव्या खिशातले चिंचोके

सामन्याच्या सकाळी मी चिंचोके मोजतो.
साठ.
डाव्या खिशात साठ, उजवा रिकामा.
एक चेंडू पडला की एक चिंचोका
इकडून तिकडं.
पोरी हसतात. हसू देत.

आमच्या हायस्कुलात, खानापुरात,
बेसबॉल आला तो पत्र्याच्या पेटीतून:
सात ग्लोव्ह, त्यातले दोन डावखुऱ्यांचे,
एक बॅट
आणि नियमांचं पुस्तक, इंग्रजी.
मी कबड्डीचा माणूस.
रात्री डिक्शनरी घेऊन बसायचो,
सकाळी तांबड्या मातीवर चुना ओढून
पोरींना असं शिकवायचो
जणू जन्मभर हेच खेळत आलोय.

सुगंधा कुंभार मला मैदानावर नाही सापडली.
कौलांच्या कारखान्यात, रविवारी,
ट्रकवर उभ्या बापाकडं
खालून कौलं फेकत होती, दोन-दोन.
एकही फुटत नव्हतं.
मी गाडी स्टँडला लावली
आणि अख्खा ट्रक भरेपर्यंत बघत राहिलो.

तिच्या हातून चेंडू सुटताना आवाज यायचा नाही.
आवाज यायचा मल्लव्वाच्या ग्लोव्हमधून.
मल्लव्वा तळवार, बिडीकडची, घरी कानडी.
दोघींचं बोलणं बोटांवर चालायचं,
त्यात मला काही विचारायचं नसायचं.

धारवाडला विभागीय.
सकाळी एक सामना, दुपारी फायनल,
दोन्हीला सुगंधाच.
पाचव्या इनिंगला म्हणाली,
सर, जरा दुखालंय.
कुठं?
तिनं खांदा दाखवला.
मी म्हणालो, एवढं दुखणारच की गं.
मल्लव्वानं मास्क वर केला.
साकु सर.
पुरे म्हणाली ती.
तिचा तळवा मोजत होता, चेंडू कसा येतोय ते.

तीस वर्षं या तालुक्यात काढली,
बाजारात, बसमध्ये, कचेरीत
कानडीवाचून एक दिवस गेला नाही.
साकु मला कळलं नाही,
असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

जिंकलो.
ढाल हेडमास्तरांच्या कपाटावर आहे.
शाळेचं नाव तिच्यावर चुकीचं कोरलंय,
दुरुस्त करायचं राहून गेलं.

परवा स्टँडवर सुगंधा दिसली.
वाऱ्यानं सुटलेले केस बांधत होती,
डोकं हाताकडं नेत होती,
हात डोक्याकडं नाही.
मला बघून हसली, बरे आहात ना सर, म्हणाली.
जांबोटीची गाडी लागली, ती चढली.
दांडा डाव्या हातानं धरून.

आता जॉयलिन फर्नांडिस आहे, नववी ब.
हात सुगंधाएवढा नाही,
जीभ मात्र दुप्पट.
बुधवारी बैलहोंगलशी शेवटची इनिंग,
दोन आउट, आम्ही एका रननं पुढं.
डाव्या खिशात बोटं घातली
तर नुसती शिवण लागली.
मी तिला बाहेर बोलावलं.
ती आली नाही.
पुन्हा बोलावलं.
नंतर जी पोरगी चेंडू टाकायला गेली
तिचे हात कापत होते, ते मला कट्ट्यावरून दिसत होतं.

हरलो.
परतीच्या टेम्पोत कुणी गाणं म्हटलं नाही.
नंदगडच्या फाट्याला जॉयलिन पुढं आली,
अजून दहा आरामात टाकले असते, म्हणाली.
मी म्हणालो, माहीत आहे.
खरंच माहीत होतं.
सुगंधानंही टाकले असते. टाकलेच.

आज पुन्हा सामना. किटच्या पेटीतली डबी काढली,
कट्ट्यावर ओतून मोजले.
सत्तर.
पुन्हा मोजले. सत्तरच.
पोरी पलीकडं वॉर्म-अप करत होत्या,
एक जण माझ्याकडं अजिबात बघत नव्हती.

काही विचारलं नाही.
दहा वेगळे काढले.
त्यातले चार भाजलेले होते, घरून आणलेले असणार,
ते तोंडात टाकले
आणि टॉस होईपर्यंत
चघळत बसलो.