शिफारसपत्र

चौतीस वर्षं मी एकच वाक्य लिहीत आले:
‘हा मुलगा जिथं जाईल तिथं नाव काढील.’
मुलगी असेल तर ‘ही मुलगी’. बाकी तेच.
गाव डोब्रावा, राज्य नेब्रास्का,
हायस्कूलचं गणित आणि सगळी शास्त्रं माझ्याकडे,
आणि मागल्या सात वर्षांत शाळेच्या बसची दुपारची फेरीही,
कारण ड्रायव्हर लेकीकडे ओमाहाला गेला.

वाक्य खोटं नव्हतं.
टेड सॉकप सिएटलला विमानांचे पंख तपासतो.
मार्लिस व्होंड्रा ह्यूस्टनला तान्ह्या मुलांची हृदयं उघडते;
आठवीत तिला बेडूक कापवेना, हात मी धरला होता.
क्रेगेल जुळे दोघंही बँकेत, न्यूयॉर्क की न्यू जर्सी,
नाताळला कार्ड येतं, त्यावर त्यांचा कुत्रा असतो.
सगळ्यांनी नाव काढलं.
पटावरूनही काढलं. ते मीच काढलं,
लाल शाईनं, पट्टी धरून,
रेघ वाकडी जाऊ नये म्हणून.

मका नाही गेला. मका दरवर्षी येतो,
सोळा घरं पेरायची तेवढं आता दोघं पेरतात,
ट्रॅक्टर आपला आपण वळतो, उपग्रहाला विचारून.
चर्चमध्ये पाद्री तिसऱ्या रविवारी.
दवाखान्यातली बाळंतिणीची खोली बंद झाली तेव्हा
पाळणे लिलावात निघाले,
एक डोरोथीनं नेला, टोमॅटोची रोपं ठेवायला.
फुटबॉलला अकराचे आठ झाले, आठाचे सहा.
यंदा बारावीत दोघं.
वर्गाच्या फोटोला फोटोग्राफर म्हणाला, जवळ या.
अजून जवळ.

त्यातल्या कायलर ग्राफचं पत्र नोव्हेंबरातच रवाना.
दुसरी जोलीन रुझिच्का. गणितात माझ्याही पुढे.
तिचा मजकूर मी मनात केव्हाच जुळवला होता,
पत्ता तेवढा भरायचा बाकी, बॉस्टन किंवा शिकागो.
मंगळवारी आली, बुटांवरचा बर्फ दारात आपटून.
‘मिसेस हॅवलिक, पत्र हवंय.’
‘कुठल्या विद्यापीठाला?’
‘ग्रामसमितीला.
एमिल ऐंशीचा झाला, टाकीची शिडी चढवत नाही त्याला.
लायसन्सची परीक्षा दिलीय मी. क्लोरिनचं गणित सोपं असतं.’

मला राग आला, खरं सांगते.
आत कुणीतरी ओरडलं: एवढी अक्कल, आणि पाण्यात घालणार?
मग तो आवाज ओळखीचा वाटला.
चौतीस वर्षं पत्रं त्यानंच लिहिली होती,
सही फक्त माझी.

विचारलं, कुणी मुलगा आहे का?
ती इतकी हसली की मीच ओशाळले.
आईची तब्येत? ठणठणीत.
मग का?
खांदे उडवले तिनं.
‘गावात एकशे एकोणनव्वद नळ आहेत,’ म्हणाली,
‘मी मोजलेत.’

रात्री बसले. बोटांनी सवयीनं टाइप केलं:
ही मुलगी जिथं जाईल तिथं
थांबले. मागं मागं खोडत आले.
‘ही मुलगी’ एवढंच उरलं पडद्यावर,
पुढं ती उभी काडी, लुकलुकत.
राहणाऱ्यांसाठी काय लिहितात?
चौतीस वर्षांच्या फायलीत एकही नमुना नाही.
माझ्यासाठी कुणी लिहिलं नव्हतं.
मी राहिले, ते कुणी विचारलंच नाही.

बाराच्या सुमारास तहान लागली.
नळ सोडला. आधी पाइपात हवा खोकली,
मग पाणी आलं, गंजाचं, तांबूस.
ग्लास दिव्यासमोर धरून उभी राहिले,
गाळ तळाशी बसेपर्यंत.

मग येऊन लिहिलं:
‘पाणी लाल येतंय.
हिला घ्या. सोमवारपासून.’